युरोस्टॉमी-परिसरातील त्वग्दाह : प्रतिबंध व चिकित्सा

मूत्राशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण पूर्वी आपल्या चिकित्सालयात क्वचितच दिसत. आता मोठ्या शहरांतील शस्त्रक्रियेनंतर गावी परतलेले असे रुग्ण तालुक्याच्या ठिकाणीही भेटतात. त्यांची मुख्य व्याधी शल्यतज्ज्ञांच्या हाती असते. परंतु पोटावरील पिशवीभोवती त्वचेची आग होऊ लागली की ते गावातल्या वैद्याकडेच येतात. अशा वेळी आपण काय करावे आणि विशेषतः काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रारंभ माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो, कारण या विषयातील पहिला धडा मला त्या चुकीनेच दिला.

रुग्णानुभव

चौसष्ट वर्षांचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात सर्वजण त्यांना गुरुजी म्हणतात. चार महिन्यांपूर्वी मूत्राशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेली, नाभीच्या उजवीकडे खालच्या बाजूस मूत्रमार्गाचे नवे द्वार व त्यावर पिशवी. पिशवीखालची त्वचा लाल, ओलसर, काही ठिकाणी सोललेली. "वैद्यराज, बाकी सारे सोसले, पण ही आग सोसवत नाही," असे ते म्हणाले. मी नाडी पाहिली, व्रण पाहिला आणि व्रणरोपणाच्या सवयीने जात्यादि तैल दिले. दिवसातून दोन वेळा हलक्या हाताने लावावे, असे सांगितले.

चौथ्या दिवशी ते पुन्हा आले, ते पत्नीचा आधार घेऊनच. काकूंच्या हातात ओल्या टॉवेलांची पिशवी होती. तेल लावल्यापासून पोटावरची पिशवी चार तासही टिकत नव्हती. रात्री तीन वेळा अंथरूण बदलावे लागले होते. मूत्र कमी व्हावे म्हणून गुरुजींनी पाणी पिणेच सोडले होते. त्यामुळे मूत्र अधिक तीक्ष्ण झाले आणि आग दुपटीने वाढली. नातीच्या बारशालाही ते गेले नव्हते. "चारचौघांत कपडे भिजले तर?" एवढेच ते म्हणाले.

त्याच दुपारी, जेथे त्यांची शस्त्रक्रिया झाली होती तेथील स्टोमा-परिचारिकेशी मी दूरध्वनीवर बोललो. त्यांचा पहिलाच प्रश्न असा होता : "त्वचेला काही तेलकट लावले आहे का?" मला होकार द्यावा लागला. दुसरा प्रश्न : "प्लेटचे छिद्र केवढे कापतात?" हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. गुरुजी घरी जाताना मिळालेल्या कागदी साच्यानुसार पस्तीस मिलिमीटरचे छिद्र कापत होते. प्रत्यक्षात सूज उतरून द्वार पंचवीस मिलिमीटरचे झाले होते. म्हणजे द्वाराभोवती पाच मिलिमीटर रुंदीचे त्वचेचे कडे अहोरात्र मूत्रात बुडालेले होते. जो हेतू डोळ्यांसमोर होता, तो मी पाहिलाच नव्हता.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

सर्वाधिक प्रचलित पद्धतीत लघ्वांत्राच्या अंतिम भागाचा, इलिअमचा, सुमारे पंधरा ते वीस सेंटिमीटरचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह वेगळा करतात. उरलेले आंत्र पुन्हा जोडून पचनमार्ग अखंड करतात. वेगळ्या केलेल्या तुकड्याचे एक टोक बंद करून त्याच्या त्या बाजूस दोन्ही गवीन्या, म्हणजे युरेटर, जोडतात आणि दुसरे टोक उदरभित्तीतून बाहेर काढून कळीसारखे उलटवून शिवतात. यास इलिअल कॉण्ड्युट म्हणतात. अमेरिकन शल्यतज्ज्ञ युजीन ब्रिकर यांनी १९५० साली या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले व ती जगभर रूढ झाली.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा आंत्राचा तुकडा मूत्राशयाचे काम करीत नाही. तो केवळ पन्हळ आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, पाण्यात ठेवलेला नवा घट जसा बाजूंनी पाझरून भरतो तसा बस्ती भरतो, असे वर्णन केले आहे. या रुग्णांत तो घटच उरलेला नाही. धारणशक्ती नाही, वेगाची जाणीव नाही. दिवसाचे दीड ते दोन लिटर मूत्र थोड्या थोड्या वेळाने सतत बाहेर येत राहते. म्हणूनच या त्वचेला विश्रांतीचा क्षण मिळत नाही.

स्वस्थ स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल व ओलसर असतो. पुसताना किंचित रक्त येणे स्वाभाविक आहे. त्यास वेदनेची जाणीव नसते. म्हणून तेथे उष्ण, तीक्ष्ण वा क्षारयुक्त द्रव्य लागले तरी रुग्ण ओरडणार नाही, आणि इजा मात्र होईल. आंत्र स्वभावतः श्लेष्मा स्रवते. तो पिशवीत पांढऱ्या धाग्यांसारखा दिसतो. त्यास पू समजून पूयनाशक चिकित्सा सुरू करू नये.

संप्राप्ती

स्वस्थ त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. त्याचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच मानतात. मूत्र त्वचेवर साचून राहिले की जंतू त्यातील युरियापासून अमोनिया निर्माण करतात आणि हे आम्ल आवरण नष्ट होते. सततच्या ओलाव्याने त्वचा फुगते, मऊ पडते व प्लेट काढताना सहज सोलली जाते. सोललेल्या ओल्या त्वचेवर पुढची प्लेट चिकटत नाही, म्हणून गळती वाढते. गळती वाढली की त्वचा आणखी सोलते. हे चक्र कोठेतरी तोडणे, हीच चिकित्सा.

आयुर्वेदाच्या भाषेत, मूत्राचे कार्य क्लेदाचे वहन करणे हे आहे. वाहून जावयाचा क्लेद त्वचेवरच साचला की प्रथम अवभासिनी शिथिल होते, भ्राजक पित्त दुष्ट होते व कंडू, दाह, स्राव ही लक्षणे उमटतात. ग्रंथात युरोस्टॉमीचा उल्लेख असणे शक्य नाही. तथापि तत्सदृश व्याधी मात्र आहे. सुश्रुतांच्या क्षुद्ररोगाध्यायातील अहिपूतना आठवावी. मलमूत्राने लिप्त राहिलेल्या बालकाच्या गुदभागी कफरक्तजन्य कंडू, खाजविल्याने स्फोट व स्राव, असे तिचे स्वरूप आहे. तिच्या चिकित्सेत धात्रीच्या स्तन्याचे शोधनही सांगितले आहे. म्हणजे आचार्यांची दृष्टी व्रणावर थांबली नाही, ती मुळाकडे गेली. आपल्या रुग्णातही लेप शोधण्यापूर्वी मूत्र त्वचेवर का पोहोचते, हे शोधावयास हवे. निदानपरिवर्जन ही येथे नऊ दशांश चिकित्सा आहे.

प्रतिबंध : नित्य उपचार

पिशवी बदलण्यास उत्तम वेळ सकाळची, चहापाणी घेण्यापूर्वीची, कारण त्या वेळी मूत्रस्राव सर्वात कमी असतो. सर्वसाधारणपणे तीन ते पाच दिवसांनी प्लेट बदलतात. गळतीची शंका येताच, आग वा खाज जाणवताच, मध्यरात्र असली तरी बदलावी. वरून चिकटपट्टी लावून "उद्यापर्यंत चालवू" असे करू नये. पिशव्या महाग असल्याने अनेक घरांत ही काटकसर होते. ती दोष म्हणून नव्हे तर अडचण म्हणून समजून घ्यावी आणि मग सांगावे की सोललेल्या त्वचेवर प्लेटा अधिक खर्च होतात.

प्लेट ओढून काढू नये. एका हाताने त्वचा खाली दाबत, वरून खाली सावकाश सोडवावी. कोमट पाण्याने व मऊ कापडाने स्वच्छ करावे. तेलयुक्त साबण, स्पिरिट, जंतुनाशक द्रावणे यांची आवश्यकता नाही. त्वचा कोरडी करीत असताना मूत्र येतच असते. म्हणून गॉजची घट्ट गुंडाळी द्वारावर हलकेच धरून ठेवावी व तेवढ्या अवधीत भोवतालची त्वचा टिपून कोरडी करावी. केस असल्यास कात्रीने बारीक करावेत. वस्तऱ्याने रोमकूपांना इजा होऊन पिटिका येतात.

प्लेटचे छिद्र द्वारापेक्षा केवळ दोन ते तीन मिलिमीटरने मोठे असावे. शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा ते आठ आठवडे सूज उतरत असते. या काळात प्रत्येक वेळी मोजमाप करावे. पुढेही वजन वाढले वा घटले तर पुन्हा मोजावे. प्लेट लावण्यापूर्वी तळहाताच्या उबेत धरावी व लावल्यावर मिनिटभर दाबून ठेवावी.

पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करावी. भरलेल्या पिशवीच्या वजनाने प्लेट उचकटते. रात्री मोठी पिशवी नळीने जोडावी. जोडताना पोटावरच्या पिशवीत थोडे मूत्र राहू द्यावे, म्हणजे निर्वात होऊन ती चिकटत नाही. पाणी कमी करणे हा उपाय नव्हे, तो अपाय आहे. वृक्क व हृदयाच्या दृष्टीने प्रतिषेध नसेल तर दिवसभरात दोन लिटरच्या आसपास द्रव घ्यावा.

शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर द्वाराची जागा आधी बसून, उभे राहून, वाकून व निजून, अशा सर्व अवस्थांत निश्चित करून घेण्यास रुग्णास सांगावे. पोटाची घडी, जुना व्रण, लेंग्याची वा परकराची नाडी, धोतराची गाठ या जागा टाळाव्यात. हे एक चिन्ह पुढचे अनेक त्रास वाचविते.

प्रकारभेद व चिकित्सा

सर्व लाली एकसारखी नसते. चिकित्सा करण्यापूर्वी पुढील भेद करावा.

पहिला, मूत्रजन्य त्वग्दाह. लाली द्वारालगत, खालच्या बाजूस अधिक. प्लेट उलटून पाहिली असता त्याच बाजूस ती विरघळलेली दिसते. काढलेली प्लेट पाहणे हे या व्याधीतील मूत्रपरीक्षेइतकेच महत्त्वाचे आहे. चिकित्सा म्हणजे छिद्र दुरुस्त करणे. द्वार खोलगट असेल तर बहिर्वक्र प्लेट व पट्टा यांसाठी तज्ज्ञांकडे पाठवावे. ओल्या त्वचेवर स्टोमा-चूर्ण भुरभुरावे, जादा झटकावे, वरून मद्यार्करहित संरक्षक द्रव टिपावा व मग प्लेट लावावी. सुश्रुतांच्या षष्टी उपक्रमांतील अवचूर्णनच येथे नव्या रूपात भेटते.

दुसरा, मूत्रस्फटिक व खरखरीत वाढ. मूत्र क्षारीय राहिले तर फॉस्फेटचे पांढरे, वाळूसारखे थर द्वारावर व त्वचेवर साचतात, आणि दीर्घकाल ओलसर राहिलेली त्वचा राखाडी, चामखिळीसारखी जाड व वेदनायुक्त होते. यास उत्सन्नमांस समजून क्षारकर्म वा अग्निकर्म कदापि करू नये. पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन त्यात भिजविलेले कापड प्लेट बदलताना पंधरा ते वीस मिनिटे ठेवावे, पाण्याने धुऊन कोरडे करावे, छिद्र योग्य मापाचे कापावे. क्षारदग्धावर अम्लाने शमन करण्याचा सुश्रुतोक्त उपदेश येथे आठवतो.

याच संदर्भात एक सावधगिरी. मूत्रदाह म्हटले की आपण यवक्षार देतो, इतर चिकित्सक मूत्र क्षारीय करणारे सरबत देतात. या रुग्णांत त्याने स्फटिक वाढू शकतात. उलटपक्षी, आंत्राच्या तुकड्यातून मूत्रातील घटक शोषले जाऊन काही रुग्णांच्या रक्तात आम्लता वाढते व त्यासाठी शल्यतज्ज्ञ हेतुपुरस्सर सोडा किंवा सायट्रेट देतात. तो विचारल्याशिवाय बंद करू नये.

तिसरा, कवकजन्य विकार. मधुमेही, घाम अधिक येणारे, नुकतीच प्रतिजैविके घेतलेले रुग्ण यांत, विशेषतः पावसाळ्यात, आढळतो. गडद लाल पट्टा, कडेला सुट्या बारीक पुटकुळ्या, तीव्र कंडू. येथे कवकनाशक औषध चूर्णरूपातच द्यावे, मलम नको. बाजारातील स्टेरॉइडमिश्रित मलमांनी तात्पुरता आराम पडतो, पण कवक वाढते, त्वचा पातळ होते आणि प्लेटही सुटते.

चौथा, असात्म्यजन्य विकार. लालीचा आकार प्लेटच्या वा चिकटपट्टीच्या आकाराशी तंतोतंत जुळतो. उत्पादन बदलणे हीच चिकित्सा. नवे उत्पादन लहान तुकडा अन्यत्र लावून आधी तपासावे.

आयुर्वेदीय द्रव्यांचे स्थान

आता वैद्यबांधवांच्या मनातील प्रश्न : मग आपली द्रव्ये वापरावयाची की नाही? माझे मत असे की, प्लेटखालील त्वचेवर तैल, घृत, सिक्थतैल, मलहर वा जाड लेप यांपैकी काहीही ठेवू नये. द्रव्य उत्तम, पण अधिष्ठान अयोग्य. तेथे रोपण करणारे प्रथम द्रव्य म्हणजे घट्ट बसलेली प्लेट. हळदीचा वा चंदनाचा लेपही वाळून तडकतो व त्याखाली मूत्र शिरते.

सौम्य लाली असलेल्या, न सोललेल्या त्वचेवर मी पंचवल्कल क्वाथाचा उपयोग मर्यादित स्वरूपात करतो. क्वाथ ताजा, दोनदा गाळलेला, पूर्ण थंड असावा. प्लेट बदलताना चार-पाच मिनिटे पट्टी ठेवून नंतर साध्या पाण्याने पुसावे, म्हणजे त्याचा थर राहत नाही. त्वचा सोललेली असेल तर तोही टाळतो.

आभ्यंतर चिकित्सेत रुग्णाचे बल, अग्नी व वृक्कांची स्थिती पाहूनच योजना करावी. क्रिएटिनीनचा अहवाल पाहिल्याशिवाय खनिज कल्प देऊ नयेत. तीक्ष्ण विरेचन, दीर्घ स्वेदन यांनी द्रवक्षय होतो, ते टाळावे. मूत्रपरीक्षेसाठी नमुना पिशवीतून घेऊ नये. तेथे जंतू असतातच. तो द्वारातून निर्जंतुक नळीने घ्यावयाचा असतो.

या विषयात आपल्या भूमीचा एक दुवा मात्र अभिमानाने सांगण्यासारखा आहे. क्लीव्हलँड क्लिनिकमधील शल्यतज्ज्ञ रुपर्ट टर्नबुल यांनी १९५० च्या दशकात स्टोमाभोवतीच्या त्वचेच्या रक्षणासाठी काराया डिंकाचा वापर सुरू केला. हा डिंक भारतीय अरण्यातील कांडोळ वृक्षाचा. त्यांच्याच समवेत, स्वतः स्टोमाधारक असलेल्या नॉर्मा गिल यांनी १९५८ पासून अशा रुग्णांना मार्गदर्शन करण्याचे काम हाती घेतले व स्टोमा-परिचर्येचे शास्त्र उभे राहिले. मूत्रात काराया लवकर विरघळतो, म्हणून युरोस्टॉमीसाठी आज पेक्टिन, जिलेटिन, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज अशा घटकांच्या अधिक टिकाऊ प्लेटा वापरतात. द्रव्याचा अभिमान असावा, पण कोणते द्रव्य कोठे टिकते याचा विवेकही असावा, हेच यातून शिकावयाचे.

तत्काळ पाठविण्यायोग्य लक्षणे

द्वाराचा रंग जांभळा वा काळा होणे. मूत्र येणे थांबणे. थंडी वाजून ताप व पाठीत कुशीला वेदना. मूत्रात स्पष्ट रक्त. द्वाराभोवती फुगवटा व पोटदुखी, उलटी. न भरणारा व्रण किंवा वाढणारी गाठ. या अवस्थांत आपल्याकडे एक दिवसही ठेवून घेऊ नये.

उपसंहार

गुरुजींच्या बाबतीत तेल बंद केले, त्वचा कोमट पाण्याने पूर्ण स्वच्छ केली, चूर्ण व संरक्षक द्रव वापरून अठ्ठावीस मिलिमीटरचे छिद्र असलेली प्लेट बसविली. पाणी पिण्यास पुन्हा सुरुवात करविली. पहिली प्लेट दोन दिवस टिकली, दुसरी तीन दिवस. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्वचा कोरडी होती. प्लेट कापण्याचे काम आता काकू करतात. मोजपट्टीचा कागद त्या पोथीत जपून ठेवतात. बारसे हुकले ते हुकलेच, पण नातीच्या उष्टावणाला गुरुजी पुढच्या पाटावर बसले होते, असे त्यांनीच येऊन सांगितले.

मी त्यांची क्षमा मागितली तेव्हा ते म्हणाले, "वैद्यराज, विद्यार्थ्याने चूक कबूल केली की मी गुण कापत नसे." तरीही ती चार दिवसांची आग त्यांनी भोगली, मी नव्हे, हे मी विसरू शकत नाही.

सुज्ञ वैद्यांना नम्र विनंती अशी की, असा रुग्ण आला असता औषध लिहिण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. द्वार मोजावे. काढलेली प्लेट उलटून पाहावी. त्वचेला आजवर काय काय लावले ते विचारावे. आणि दिवसाकाठी किती पाणी पितात ते विचारावे. जवळच्या मोठ्या रुग्णालयातील स्टोमा-परिचारिकेचा दूरध्वनी क्रमांक आपल्या टेबलावर असावा; मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेची माहितीही रुग्णास द्यावी. मिलिमीटरची एक मोजपट्टी चिकित्सालयात ठेवण्यास काहीच खर्च येत नाही. माझ्या टेबलावर ती आता नाडीपरीक्षेच्या उशीशेजारी असते.